सहीपुढची वेळ

नववीच्या पुस्तकातला हिटलरचा धडा यंदा आमच्या शाळेत दोन तासांत उरकला. इतिहासाच्या नव्या मॅडम स्टाफरूममध्ये येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "खलास. एक मॅप, दोन लाँग आन्सर. बाकी पेपरला काही येत नाही." कुणी मान हलवली, कुणी चहा पुढे केला. त्या स्टाफरूममध्ये तोंड उघडायचा हक्क मी दीड वर्षापूर्वीच घालवून बसलोय. पण डोकं तापलं ते तापलंच, म्हणून घरी येऊन हे लिहितोय.

हाच धडा तुस्कानो बाई अकरा तास शिकवायच्या.

बाई वसईच्या. आमची शाळा अबुधाबीबाहेर, मुसफ्फाच्या कडेला. एका अंगाला गॅरेजेस आणि दुसऱ्या अंगाला मोहम्मद बिन झायद सिटीतले व्हिला, ज्यांचे सहा-सहा भाग करून आमच्यासारखी कुटुंबं राहतात. स्टाफमध्ये मराठी आम्ही दोघंच. सगळी शाळा त्यांना 'मॅम' म्हणायची. मी 'बाई' म्हणायचो, कारण मला लहानपणी शिकवलं त्या सगळ्या बाईच होत्या. त्या मला 'मास्तर' म्हणायच्या, आणि त्यात थोडी थट्टा असायची. मी एम.एस्सी. आहे हे मी नव्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत सांगतो, अशी त्यांची तक्रार होती. सांगतो. का सांगू नये? माझे वडील तालुक्याच्या बाजार समितीत हमाल होते. जन्मभर पोती वाहिली आणि कागदावर अंगठा उठवला. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिला, आणि सही करणाराही मीच पहिला. सहावीत असताना वहीची मागची सगळी पानं मी सहीच्या सरावानं भरून टाकली होती. मोठा 'शे' आणि खाली लफ्फेदार रेघ. वडील ती रेघ बोटानं गिरवून बघायचे.

हे माझं पुराण लावण्याचं कारण एवढंच, की बाईंचं सगळं भांडण सहीशी होतं.

वय पंचावन्नच्या पुढे, उंची बेताची, कॉटनची साडी आणि पायात मुलानं पाठवलेले पांढरे स्पोर्ट्स शूज. गळ्यात दोरीला बांधलेला पेन. क्रूस साडीच्या आत आणि पेन बाहेर. कुणी पेन मागितला तर काढून द्यायच्या नाहीत, दोरीसकट स्वतःच पुढे यायच्या. "लिही, मी उभी आहे." मग तो माणूस त्यांच्या पोटाशी वाकून लिहायचा. शिपाई सर्क्युलर घेऊन आला की सगळे उभ्याउभ्या सही ठोकायचे. बाई खुर्ची ओढायच्या, चष्मा पुसायच्या आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाचायच्या. पाच ओळींचं सर्क्युलर असलं तरी.

"मॅडम, सबने साइन कर दिया," शिपाई कंटाळून म्हणायचा.

"म्हणूनच वाचतेय रे बाबा."

आणि सही केली की तिच्यापुढे वेळ लिहायच्या. दहा वाजून बारा. कुणीही सांगितलेलं नसताना. एकदा मी विचारलं, की बाई, ही कसली सवय? त्या म्हणाल्या, "सही म्हणजे मी तिथं होते. कधी होते ते नको का लिहायला?"

आता बस ड्युटीचं सांगतो. सकाळी बस आल्या की मुलं उतरतात. ड्युटीवरच्या शिक्षकानं बसमध्ये चढायचं, शेवटच्या सीटपर्यंत जायचं, कुणी झोपलेलं राहिलं नाही ना ते बघायचं, आणि उतरून रजिस्टरात सही करायची. इथल्या उन्हात बंद बस म्हणजे भट्टी, त्यामुळे हा नियम अगदी शहाण्या माणसानं केलेला आहे. पण आमच्याकडे रीत अशी पडली, की सोमवारी सकाळी रजिस्टर हातात आलं की सोमवार ते शुक्रवार पाचही चौकोन भरून टाकायचे. रोज कोण रांगेत उभं राहणार? बायकोला सोडायचं असतं, पहिल्या तासाची तयारी असते. अकरा नंबरच्या बसचे पाच चौकोन मी दहा सेकंदांत भरायचो. एकसारखे, सुंदर.

बाई एकच चौकोन भरायच्या. रोज यायच्या, रोज चढायच्या, रोज उतरून सही आणि वेळ. त्यामुळे पानावर त्यांची ओळ पुढच्या दिवसांना रिकामी दिसायची, आणि सुपरवायझरला ते बघवायचं नाही.

"मॅम, युवर रो लुक्स इनकम्प्लीट."

"येस. द वीक इज ऑल्सो इनकम्प्लीट."

आम्ही हसायचो. मीसुद्धा. स्टाफरूममध्ये त्यांना 'टाइमकीपर' म्हणायचे, ते नाव काढलं कुणी ते सांगत नाही. एम.एस्सी. माणसानं काढलं एवढं पुरे.

हिटलरच्या धड्याचं तर दर वर्षी काहीतरी व्हायचंच. त्या वर्षी शाळेत लीडरशिप वीक होता, आणि नववीच्या एका मुलानं 'ग्रेट लीडर्स'च्या पोस्टरवर चार जणांच्या ओळीत हिटलर चिकटवला. खाली लिहिलं, 'स्ट्राँग, डिसिप्लिन्ड, पेट्रियॉटिक'. ते पोस्टर दोन दिवस मुख्य जिन्याजवळ लागलेलं होतं. सत्तर शिक्षक त्याच्यापुढून गेले, त्यांत मी होतो. खरं सांगायचं तर मला त्यात वावगं वाटलं नव्हतं. आमच्याकडे कडक माणसाचं कौतुक करायची हौस फार, आणि तो किती माणसं मारून कडक होता हे कुणी विचारत नाही. तिसऱ्या दिवशी बाईंनी पोस्टर काढलं. फाडलं नाही. उलटं करून त्याच पिनांनी कोरी बाजू लावली.

मुलाचा बाप भेटायला आला. चांगला इंजिनियर, अबुधाबीत मोठ्या हुद्द्यावर. "मॅम, फक्त लीडरशिप स्किल बघा ना. आपल्याकडे असा एखादा पाहिजेच, खरं की नाही?"

"दारू पिऊन गाडी माणसांवर घालणाऱ्याचं ड्रायव्हिंग स्किल लावू का भिंतीवर?" बाई म्हणाल्या. "सांगा. लावते."

त्याच आठवड्यात बिघडलेल्या प्रोजेक्टरमुळे मी त्यांच्या वर्गात मागे बसलो होतो. केबल ठीक करून निघायचं होतं, पण निघालो नाही. बाई पुस्तक मिटून जर्मनीतल्या एका सुताराची गोष्ट सांगत होत्या. प्राथमिक शाळेपुरतं शिकलेला, कुठल्या मोठ्या पक्षात पुढारी नाही, पाठीशी कुणी नाही. युद्ध लागायच्या आधीच त्यानं ओळखलं की हा माणूस सगळ्यांना खड्ड्यात घालणार. हिटलर दर वर्षी एका बिअर हॉलमध्ये भाषण करायचा. हा सुतार तिथं रोज जेवायला जायचा, हॉल बंद होताना लपून बसायचा आणि भाषणाच्या जागेमागचा खांब आतून पोखरायचा. तिसाहून जास्त रात्री, गुडघ्यांवर बसून. भुसा पिशवीत भरून बाहेर न्यायचा. बॉम्ब घड्याळावर लावला आणि तो अगदी ठरल्या वेळी फुटला. हिटलर तेरा मिनिटं आधी निघून गेला होता.

"आणि पकडला कसा, माहितीय? सीमेवर संशयावरून धरलेलाच होता. कबूल होईना. मग त्याचे गुडघे बघितले. सुजलेले, पिकलेले. गुडघ्यांनी सांगितलं. आमचे पप्पा सुतार. चर्चचे बाक करायचे. असे गुडघे मी रोज बघितलेत, मला ते पुस्तकात वाचायला लागत नाहीत."

एक मुलगा म्हणाला, "बट मॅम, व्हॉट्स द यूज? हिटलर डिडन्ट डाय."

"नाही मेला. सुतार मेला. तुरुंगात वर्षानुवर्षं ठेवून, युद्ध संपायला महिनाभर उरला असताना गोळी घातली. आणि नंतर सगळा देश म्हणायला लागला, आम्हाला काय माहीत होतं? आम्ही काय करू शकत होतो? सुताराला माहीत होतं ना. म्हणून कितीतरी वर्षं त्याचं नाव कुणाला नको होतं. तो असला की बाकीच्यांची सबब चालत नाही."

मग पुढच्या बाकावरच्या मुलीनं हात वर केला. "मॅम, यू सेड एट पीपल डाइड इन द हॉल. वन वॉज अ वेट्रेस. वॉज शी गिल्टी?"

मला वाटलं, आता बाई काहीतरी सारवासारव करतील. मी केली असती.

"नाही," बाई म्हणाल्या.

"सो?"

"सो ते त्याच्यावर आहे. तू ते पुसू नकोस. मी पण नाही पुसत."

मग त्यांनी फळ्यावर दुसऱ्या बाजूची यादी लिहिली. ज्यानं ज्यूंसाठी वेगळे कायदे लिहिले, तो वकील. ज्यानं शिक्षा ठोठावल्या, तो न्यायाधीश. आजाऱ्यांना मारायच्या कागदावर ज्यानं खूण केली, तो डॉक्टर. गाड्यांचं वेळापत्रक ज्यानं बसवलं, तो रेल्वेतला हुशार कारकून. "सगळे शिकलेले. सगळ्यांची अक्षरं चांगली."

मला राग आला. शिक्षणाला नावं ठेवलेली मला खपत नाहीत. बाहेर पडताना मी म्हणालो, "बाई, शिकलं नसतं तर तुम्ही आणि मी कुठं असतो?"

"मी कुठं म्हणते शिकू नका?" त्या शूजची नाडी बांधत होत्या. "शिकलेल्याला कागद वाचता येतो, मास्तर. त्याला वाचलं नव्हतं म्हणता येत नाही, एवढंच."

त्यानंतर थोड्याच दिवसांत, सप्टेंबरातल्या एका बुधवारी, ते घडलं.

सकाळी सात वीसला स्पीकरवर सूचना आली, की बस ड्युटी रद्द, सगळ्या शिक्षकांनी ताबडतोब हॉलमध्ये यावं. शाळेची तपासणी होणार होती आणि तिची तालीम होती. बसवरच्या कंडक्टरांनाही सुपरवायझरनं खुर्च्या उचलायला आत बोलावलं. अकरा नंबरचा कंडक्टर दत्ताराम निवाते, दापोलीकडचा, पन्नाशीचा माणूस. चौदा वर्षं इथं एकटा राहिलेला. बाईंशी त्याची खास गट्टी होती. नाताळात त्या त्याला घरी तळलेले गोड फुगे द्यायच्या आणि तो सुट्टीवरून त्यांच्यासाठी कोकम आणायचा. खुर्च्या लावून झाल्यावर तो झाडू घेऊन बसमध्ये गेला. शेवटून दुसऱ्या सीटखाली केजीतली एक मुलगी पडलेली होती. झोपेत खाली घसरली असावी. पाऊण तास ती त्या बंद बसमध्ये होती. निवातेनं तिला उचललं आणि बसतळापासून नर्सच्या खोलीपर्यंत पळत नेलं. मुलगी वाचली. तीन दिवस हॉस्पिटलमध्ये होती, पण वाचली.

आणि रजिस्टरात त्या बुधवारी अकरा नंबरच्या चौकोनात माझी सही होती. मोठा 'शे' आणि खाली लफ्फेदार रेघ. सोमवारी केलेली.

दुसऱ्या दिवशी उपमुख्याध्यापकांनी मला आत बोलावलं. टेबलावर इंग्रजीत टाइप केलेला एक कागद होता. आम्ही खाली सही करणारे शिक्षक ड्युटीवर हजर होतो, अकरा नंबरच्या कंडक्टरनं बस रिकामी असल्याचं तोंडी सांगितलं, त्यावर विश्वास ठेवून सही करण्यात आली. स्पीकरवरच्या सूचनेचं नाव नव्हतं, खुर्च्यांचं नव्हतं.

"सर, आप तो समझदार हो," ते म्हणाले. अगदी गोड आवाजात. "सिग्नेचर आपका है. या तो आपने चेक नहीं किया, या उसने झूठ बोला. बीच का कुछ नहीं है. फॅमिली है, व्हिसा है. सोच लीजिए."

मी सोचलं नाही. मी सही केली. वडिलांचा अंगठा याहून स्वच्छ होता.

दुपारपर्यंत ड्युटीवरच्या वीसपैकी एकोणीस सह्या झाल्या. कागद बाईंकडे आला. त्यांनी खुर्ची ओढली, चष्मा पुसला, वाचायला लागल्या. वाचून झाल्यावर त्यांनी कागद घडी न घालता शिपायाला परत दिला.

"मॅडम, साइन?"

"नाही."

एक सीनियर मॅडम समजावायला गेल्या. "सिसिलिया, बी प्रॅक्टिकल. तुझी तर बसही वेगळी. तुझ्यावर काही येत नाही."

"म्हणूनच तर," बाई म्हणाल्या. "माझ्यावर आलं असतं तर कदाचित मीही केली असती. कुणाला माहीत? आज मला सोपं आहे. सोपं असतानाही नाही म्हणायचं नसेल तर मी नववीला काय तोंड दाखवू?"

"अगं, तो धडा आहे. ही नोकरी आहे."

"त्यांची पण नोकरीच होती."

मी कोपऱ्यात वह्या तपासत असल्याचं सोंग करत होतो. बाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

"मास्तर, तुम्ही होतात तिथं?"

"बाई, तुम्हाला माहितीय सगळं."

"मला माहितीय. मी तुम्हाला विचारतेय."

"दोन पोरं आहेत मला."

"निवातेला पण आहेत दोन. तो तुमच्या शेजारी खुर्च्या लावत होता, तुम्ही बघत होतात. आता त्याच्यावर पोलीस केस होईल."

मी म्हणालो, "तुमचं काय जातंय? तुमचा मुलगा कॅनडात, तुम्ही उद्या गेलात तरी चालेल." हे मी म्हणालो. ज्या बाईनं चार वर्षं मला स्वतःच्या डब्यातलं जेवण दिलं तिला.

बाईंनी गळ्यातला पेन हातात धरला, क्षणभर त्याच्याकडे बघितलं आणि सोडून दिला. "जातंय काय ते बघू," म्हणाल्या, आणि गेल्या.

त्यांनी स्वतः एक कागद लिहिला. एकच पान, हातानं. सात वीसला सूचना झाली. ड्युटी रद्द केली. कंडक्टरांना खुर्च्यांसाठी नेलं. रजिस्टरात आठवड्याच्या सह्या सोमवारीच होतात, हे मला माहीत होतं; मी फक्त माझ्यापुरतं नीट वागले आणि बाकीच्यांना हसू दिलं, वर कधी लेखी कळवलं नाही, ही माझी चूक. हे शेवटचं वाक्य त्यांनी का घातलं, ते मला कळत नाही. कुणी मागितलं नव्हतं. कागदाच्या खाली सही आणि वेळ.

चौकशीला अधिकारी आले, सोबत दुभाष्या होता. त्यांनी रजिस्टर उघडलं. एकोणीस ओळी पूर्ण भरलेल्या, शुक्रवारपर्यंत. आणि चौकशी होती गुरुवारी दुपारी. अधिकाऱ्यानं शुक्रवारच्या सह्यांवर बोट ठेवलं आणि आमच्याकडे बघितलं. आम्हा एकोणीस सुशिक्षितांपैकी एकाच्याही डोक्यात ते आलं नव्हतं. खोटा कागद तयार केला, आणि खरं सांगणारं रजिस्टर टेबलावर उघडं ठेवलं. बाईंच्या ओळीत बुधवारच्या चौकोनात बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, 'ड्युटी कॅन्सल्ड, कॉल्ड टु हॉल, ७.२०'. दुभाष्यानं ते दोनदा वाचून दाखवलं.

निवातेवर केस झाली नाही. पण शाळेनं त्याला ठेवलंही नाही. महिन्याभरात घरी पाठवलं, कागदावर लिहिलं 'कॉन्ट्रॅक्ट पूर्ण'. सुपरवायझर बदलली. शिक्षकांना एकेक ताकीद मिळाली. मला दोन. उपमुख्याध्यापक आहेत तिथंच आहेत, गेल्या वर्षी त्यांनी बालसुरक्षेवर भाषण दिलं आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. आणि बाईंचं कॉन्ट्रॅक्ट मार्चमध्ये रिन्यू झालं नाही. कारण दिलं, 'टाइमटेबल रीस्ट्रक्चरिंग'. सव्वीस वर्षं शिकवलेल्या बाईला टाइमटेबलमध्ये जागा नव्हती.

त्या सहा महिन्यांत स्टाफरूममध्ये त्यांच्याशेजारची खुर्ची रिकामी असायची. कुणी सांगितलं नव्हतं तसं करायला. ज्या बाईमुळे खोटं उघडं पडलं तिच्यावर लोक रागावले, आणि ज्यानं खोटं टाइप केलं त्याला ईदच्या शुभेच्छा दिल्या. मी त्या खुर्चीवर बसायला हवं होतं. नाही बसलो.

बाई गेल्यावर रजिस्टरही गेलं. प्रत्येक बसच्या मागच्या काचेवर एक क्यूआर कोड लावलाय. शेवटपर्यंत चालत जाऊन तो फोनवर स्कॅन करायचा, म्हणजे बस तपासल्याची नोंद होते. महिन्याच्या आत कुणीतरी सगळ्या कोडचे फोटो काढून स्टाफच्या ग्रुपवर टाकले. आता चहा पिता पिता टेबलावरूनच बस तपासल्या जातात. कुणीतरी खाली हसरा चेहरा टाकला होता. मी तो फोटो उतरवून घेतला नाही. एवढीच माझी बहादुरी, आणि तीही कुणाला न सांगता.

बाईंचा शेवटचा दिवस मार्चातला गुरुवार. निरोप समारंभ झाला नाही, केक तेवढा आला. सकाळी मी बसतळावर उभा होतो. त्यांची बस लागली, मुलं उतरली. बाई दांडा धरून चढल्या. मी काचांमधून त्यांना मागे जाताना बघत होतो. प्रत्येक सीटपाशी थांबायच्या, सीटवर हात टेकवायच्या आणि खाली वाकायच्या. शेवटच्या दोन ओळींत नुसतं वाकून भागत नव्हतं म्हणून गुडघे टेकले. काचेतून दिसेनाशा झाल्या. ड्रायव्हर इंजिन चालू ठेवून कंटाळला होता, म्हणाला, "यल्ला, चलो मॅडम, कोई नहीं है."

"बघू दे," आतून आवाज आला.

बऱ्याच वेळानं त्या खाली उतरल्या. साडीवर दोन्ही गुडघ्यांशी धुळीचे गोल उमटले होते. झटकले नाहीत. रजिस्टर माझ्या हातात होतं. मी ते उघडून धरलं, त्यांनी दोरीला बांधलेल्या पेनानं सही केली, मनगटावरचं घड्याळ बघितलं आणि वेळ लिहिली. सात अठरा. मग मान वर करून माझ्यामागे लागलेल्या अकरा नंबरकडे बघितलं.

"तुमची बस, मास्तर," म्हणाल्या, आणि मी चढेपर्यंत तिथंच उभ्या राहिल्या.